एक चिनी आडनाव, चार उच्चार आणि तीन हजार वर्षे : ‘छन’चे मूळ कुठे?

नांदरुक (धागाकर्ती)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त सिंगापूरला आहे. आमच्या विभागात एकांचे आडनाव तान, दुसऱ्यांचे चान, चीनहून आलेल्या मुलीचे चेन आणि हनोईहून आलेल्या बाईंचे त्रान. ही चार घराणी वेगवेगळी असणार, असेच मी धरून चालले होते. मागच्या महिन्यात जेवायला बसलो असताना आडनावांचा विषय निघाला आणि तान अंकलनी (ते निवृत्तीला आले आहेत, त्यांना सगळेच अंकल म्हणतात) टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून एक अक्षर काढले. डावीकडे कानाच्या पाळीसारखे वळण, उजवीकडे मधोमध उभी रेघ गेलेली एक चौकट आणि खाली दोन्ही बाजूंना दोन तिरके फराटे. ते सुकायच्या आत चान म्हणाले, “माझेही हेच.” चेनने तेच अक्षर थोड्या कमी रेघांत काढून दाखवले. त्रानबाईंना चिनी अक्षरे वाचता येत नाहीत, तरीही त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की आजोबांच्या घरी पितरांच्या वेदीवर हेच अक्षर आहे.

तान अंकलचे म्हणणे असे, की या आडनावाचा मूळपुरुष म्हणजे चीनच्या पुराणकाळातला सम्राट शुन. त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एका अक्षराचे इतके उच्चार कसे झाले? हे आडनाव खरोखर किती जुने आहे? आणि त्यातला इतिहास कुठे संपतो व श्रद्धा कुठे सुरू होते? येथे चीनच्या इतिहासाचा अभ्यास असलेले सदस्य आहेत, म्हणून हा धागा.

अनुस्वार

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. प्रमाण चिनीत या आडनावाचा उच्चार ‘छन’च्या जवळ जातो. रोमन अक्षरांतले लेखन इंग्रजीसारखे वाचल्यामुळे आपण ‘चेन’ म्हणतो. कँटनी बोलीत ते चान, फुज्यान प्रांतातल्या होक्येन बोलीत तान आणि व्हिएतनामीत त्रान होते. पुष्कळांना वाटते, की मूळ उच्चार ‘छन’ आणि बाकीचे त्याचे अपभ्रंश. गोष्ट उलटी आहे. दीड हजार वर्षांपूर्वी या शब्दाच्या आरंभी ‘द्र’सारखा ध्वनी होता, असे भाषाशास्त्रज्ञांनी यमककोशांवरून (यमकांनुसार अक्षरे लावलेल्या जुन्या कोशांवरून) आणि बोलींच्या तुलनेवरून ठरवले आहे. फुज्यानच्या बोलींनी त्यातला ‘त’ टिकवला, व्हिएतनामीने ‘त्र’ टिकवला, उत्तरेत मात्र त्याचा ‘छ’ झाला. तेव्हा तुमच्या तान अंकलचा उच्चार बीजिंगच्या उच्चारापेक्षा जुन्या ध्वनीच्या जवळ आहे.

अक्षराविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. चिनी माणूस हे आडनाव तोंडी सांगताना ‘कान-पूर्व छन’ असे सांगतो, कारण उजवीकडचा भाग म्हणजे ‘पूर्व’ हे अक्षर आहे आणि डावीकडचा भाग कानासारखा दिसतो. पण त्या वळणाचा कानाशी संबंध नाही. ते अक्षराच्या डावीकडे आले तर टेकडी किंवा उंचवटा दाखवते आणि तसेच वळण उजवीकडे आले तर वस्ती दाखवते. छनमध्ये ते डावीकडे आहे, म्हणजे टेकडी.

बखरवाचक

टेकडी आली हे फार चांगले झाले, कारण ‘छन’ हे मुळात गावाचे आणि राज्याचे नाव आहे. आजच्या हनान प्रांतात चौखौ शहराच्या हद्दीत ह्वायांग नावाचे ठिकाण आहे. तिथे प्राचीन काळी छन राज्याची राजधानी होती आणि तिचे नाव वान-च्यू होते. त्यातल्या ‘च्यू’चा अर्थही टेकडीच.

इ.स.पू. १०४६च्या सुमारास झोऊ घराण्याच्या राजा वूने शांग घराण्याचा पाडाव केला. नव्या राजाने जुन्या पूज्य राजांच्या वंशजांचा शोध घेतला आणि त्यांच्या पूर्वजांची पूजा चालू राहावी म्हणून त्यांना लहान लहान राज्ये तोडून दिली. शुनच्या वंशातला म्हणून ग्वेइ मान नावाचा पुरुष सापडला. त्याला छनची जहागीर मिळाली. इतिहासात तो ‘छनचा अधिपती हू’ म्हणून ओळखला जातो आणि छन आडनावाची मंडळी आपला पहिला ऐतिहासिक पूर्वज त्यालाच मानतात.

त्स्वो-चुआन या जुन्या बखरीत इ.स.पू. ५४८ सालचे एक भाषण आहे. शेजारच्या चंग राज्याने छनवर स्वारी केली होती आणि तिचे समर्थन करताना चंगचा मंत्री त्सीछान छन घराण्याचा पूर्वेतिहास सांगतो. तो म्हणतो, की या घराण्याचा पूर्वज झोऊ राजांकडे कुंभारकामाचा मुख्य अधिकारी होता, त्याने घडवलेली भांडी उपयोगी पडली आणि शिवाय तो देवतुल्य राजाचा वंशज होता, म्हणून आमच्या राजाने आपली थोरली मुलगी ता-जी अधिपती हूला दिली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. घराण्याच्या मोठेपणाची कथा रचणारा माणूस सहसा रणांगण रचतो. इथे चाक, माती आणि भट्टी आहे, आणि शुन स्वतः नदीकाठी मडकी करत असे ही परंपराही याच धाग्यात बसते.

कोरीगड

बखरवाचक यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. एका ठिकाणी मात्र मला थांबावेसे वाटते. राजा वू आणि शुन यांच्यात परंपरेच्याच हिशेबाने एक हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. त्या मधल्या काळातली वंशावळ कोणी ठेवली? शुनच्या नावाचा त्याच्या काळातला एकही लेख नाही. १९२६ साली चिनी इतिहासकार कू च्ये-कांग यांनी प्राचीन इतिहासाविषयीच्या वादांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यात असे मांडले, की चीनचे आद्य सम्राट हे थरांवर थर चढत तयार झाले आहेत. काळ जितका पुढचा, तितका त्याने सांगितलेला पूर्वज अधिक मागचा. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी आजचे अभ्यासक सहमत नाहीत, पण हा प्रश्न त्यांनी विचारला तो योग्यच होता. नवा राजा जुन्या राजाच्या वंशजाला जहागीर देतो, तेव्हा त्यात राजकारणही असते. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांनी आपले कूळ यदूपर्यंत नेले होते. ते खोटे म्हणून नव्हे, तर राज्याला तशा पूर्वजाची गरज होती म्हणून.

माझे म्हणणे एवढेच, की अधिपती हूपर्यंत इतिहास आहे असे म्हणायलाही त्या काळातला पुरावा हवा. पाचशे वर्षांनंतरचे मंत्र्याचे भाषण पुरेसे नाही.

शांतला

कोरीगड, तुम्ही मागता तसा पुरावा आहे आणि तो एका लेकीच्या आंदणाचा आहे.

१९७६ साली शेन्शी प्रांतातल्या लिनथोंग येथे जमिनीत पुरलेली कांस्यपात्रे सापडली. त्यात राजा वूच्या विजयाचा उल्लेख असलेले प्रसिद्ध पात्र होते. त्याच ठेव्यात आणखी एक पात्र निघाले. त्यावरच्या लेखाचा आशय असा, की छनच्या अधिपतीने हे पात्र ‘वांग ग्वेइ’ हिच्या आंदणासाठी घडवले, ते दहा हजार वर्षे जपून वापरावे. ‘वांग’ म्हणजे राजा. छनची मुलगी झोऊ राजघराण्यात दिली तेव्हा बापाने सोबत दिलेले हे भांडे आहे. पश्चिम झोऊ काळातले छन राज्य, तिथला अधिपती आणि त्याच्या कुळाचे नाव, तिन्ही गोष्टी त्या धातूवर कोरलेल्या आहेत. शुन त्यात नाही, हे मात्र खरे.

आता त्या मुलीचे नाव पुन्हा वाचा. ती छनची मुलगी, पण तिला कोणी ‘छन’ म्हणत नाही. ती ‘ग्वेइ’ आहे. या धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. प्राचीन चीनमध्ये आडनावासाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ‘श्यिंग’ म्हणजे रक्ताचे कूळ आणि ‘शृ’ म्हणजे त्या कुळाची राज्यावरून, गावावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली शाखा. पुरुष शाखेच्या नावाने ओळखले जात, कारण त्यांचा दर्जा शाखेवरून ठरे. स्त्रिया कुळाच्या नावाने ओळखल्या जात, कारण एका कुळात लग्न होत नसे आणि मुलगी कोणत्या कुळातली हे सोयरिकीच्या आधी कळणे आवश्यक होते. ‘श्यिंग’ हे अक्षरच ‘स्त्री’ आणि ‘जन्म’ या दोन भागांचे बनलेले आहे. ग्वेइ, जी, ज्यांग, याओ, यिंग ही सर्वांत जुनी कुळनावे लिहिताना प्रत्येकात स्त्रीचे चिन्ह येते.

छनचीच दुसरी एक लेक शी राज्यात दिली होती. इतिहास तिला ‘शी ग्वेइ’ म्हणतो, म्हणजे शी राज्यातली ग्वेइ कुळाची बाई. छू राज्याच्या राजाने शी राज्य बुडवून तिला नेले. तिला त्याच्यापासून दोन मुलगे झाले, पण ती आपण होऊन बोलत नसे. कारण विचारल्यावर ती म्हणाली, की माझ्यावर दोन नवऱ्यांचा संसार करायची वेळ आली, मरता आले नाही, आता बोलू तरी काय? हा प्रसंग त्स्वो-चुआनमध्ये इ.स.पू. ६८०च्या नोंदीत आहे. नवरा बदलला, राज्य बदलले, तरी तिच्या नावातला ग्वेइ कोणाला काढता आला नाही. आज कोट्यवधी लोक ज्याला आपले प्राचीन आडनाव म्हणतात ते ‘छन’ पुरुषांच्या शाखेचे नाव आहे. त्याहून जुने नाव मुलींनी वाहिले आणि ते जवळजवळ नाहीसे झाले.

मोहरी

शांतला, तो शेवटचा परिच्छेद वाचून मी बराच वेळ काही वाचले नाही. एक प्रश्न आहे. श्यिंग म्हणजे आपले गोत्र आणि शृ म्हणजे आपले आडनाव, असे म्हणता येईल का?

शांतला

सगोत्र विवाहाच्या निषेधापुरते साम्य आहे आणि गावावरून पडलेल्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावांशी शृचे साम्य त्याहून जवळचे आहे. फरक असा, की आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे गोत्र नवऱ्याचे धरले जाते. तिथे तिचे श्यिंग मरेपर्यंत तिचेच राहिले. काव्यसंहितेत, म्हणजे चीनच्या सर्वांत जुन्या गीतसंग्रहात, छन राज्याची म्हणून जी दहा गीते आहेत, त्यांतल्या एकात कवी विचारतो, की मासा खायचा तर तो नदीतला उंची मासाच हवा का, आणि बायको करायची तर ती ची राज्याची ज्यांगच हवी का? इथेही मुलीची ओळख तिच्या कुळाच्या नावानेच आहे, आणि ते गीत छनचेच आहे.

बखरवाचक

लिनथोंगच्या पात्राची आठवण करून दिल्याबद्दल शांतला यांचे मनापासून आभार. ते मी माझ्या प्रतिसादात आणायला हवे होते.

आता ‘छन’ हे राज्याचे नाव माणसांचे आडनाव कसे झाले ते पाहू. गादीवर बसलेल्या राजाला आडनावाची गरज नसते. ती घर सोडलेल्या माणसाला लागते. इ.स.पू. ६७२ मध्ये छनच्या राजघराण्यात युवराजाचा खून झाला आणि वान नावाचा राजपुत्र जीव वाचवून पूर्वेकडच्या ची राज्यात पळून गेला. तिथल्या अधिपती ह्वानने त्याला मंत्रिपद देऊ केले. वानने ते नाकारले आणि कारागिरांवरच्या देखरेखीचे काम पत्करले. (कुंभाराचा वंशज, हे लक्षात घ्यावे.) एकदा त्याच्याकडे मद्यपान चालले असताना संध्याकाळ झाली. ह्वान म्हणाला, दिवे लावा, पुढे चालू ठेवू. वान म्हणाला, “मी दिवसाचा कौल घेतला होता, रात्रीचा घेतला नाही,” आणि बैठक थांबवली. परक्या दरबारात आश्रयाला राहणाऱ्याने किती जपून वागावे, ते या एका वाक्यात आहे.

या वानचे वंशज परक्या देशात ‘छनहून आलेले’ म्हणून छन झाले. हेच घराणे पुढे इतके वाढले, की इ.स.पू. ३८६ मध्ये झोऊ राजाने त्यांनाच चीचे अधिपती म्हणून मान्यता दिली. इकडे मूळ छन राज्य छूने इ.स.पू. ५३४ मध्ये एकदा गिळले, पाच वर्षांनी ते परत उभे राहिले आणि इ.स.पू. ४७९-४७८च्या सुमारास कायमचे बुडाले. बुडालेल्या राज्यातली माणसे चहूकडे पांगली आणि त्यांनी राज्याचे नाव आपल्या नावाआधी लावले. ज्या गावाला परत जाता येत नाही, ते गाव आडनावात राहिले.

कोरीगड

लिनथोंगचा पुरावा मान्य आहे आणि तो समजल्याचा आनंद आहे. पण बखरवाचक, चीमध्ये राज्य करणारे ते घराणे इतिहासात ‘थ्येन’ या नावाने ओळखले जाते. प्राचीन इतिहासकार सिमा च्येन तर स्पष्ट लिहितो, की वानने छन हे आडनाव सोडून थ्येन घेतले. मग ते छन कसे?

अनुस्वार

याचे उत्तरही भांड्यांवरच मिळते. चीच्या या राजांनी स्वतः घडवलेल्या कांस्यपात्रांवर ते आपले नाव छन असेच कोरतात, फक्त अक्षराच्या खाली ‘माती’चे चिन्ह जोडतात. मूळ छन राज्याच्या पात्रांवर हे चिन्ह नाही, तिथे दुसरा अवयव आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन शाखा लेखनातून वेगळ्या ओळखता येत होत्या. इ.स.पू. ३५६ ते ३२० या काळात चीचा राजा असलेल्या वेइच्या पात्रावर ‘छन’ आहे आणि त्याच लेखात तो पीत सम्राटाला (शुनच्याही आधीचा मानलेला आद्य सम्राट) आपला महान पूर्वज म्हणतो. पीत सम्राटाचा कांस्यलेखांतला हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मानतात. कोरीगड यांनी सांगितलेला थर चढताना इथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो, कारण लिनथोंगच्या आंदणात पूर्वजाचे नावच नव्हते आणि काही शतकांनी राजा वेइ थेट पीत सम्राटापर्यंत पोहोचला.

त्या काळी ‘छन’ आणि ‘थ्येन’ यांचे उच्चार एकमेकांच्या बरेच जवळ होते. त्यामुळे वानने विचारपूर्वक आडनाव बदलले असे मानण्यापेक्षा, एकच नाव दोन अक्षरांनी लिहिले गेले असे मानणे मला अधिक योग्य वाटते. पुढे वांग मांग हा इ.स. ९ ते २३ या काळात सम्राट झाला, तेव्हा त्याने याओ, ग्वेइ, छन, थ्येन आणि आपले वांग ही पाच घराणी शुनची म्हणून एक मानली आणि वांगांनी इतर चौघांशी सोयरीक करू नये असे फर्मान काढले.

मोहरी

या आडनावाचा आपल्या मातीशी आलेला संबंध इथे नोंदवते. शाळेत आपण ज्याचे नाव ह्युएन त्संग असे शिकलो, तो भिक्षू शुआन-झांग याचे संन्यासापूर्वीचे आडनाव छन होते. त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात त्याचे कूळ हान काळातल्या छन शृ या सज्जन अधिकाऱ्यापर्यंत नेलेले आहे. हा छन शृ (इथे ‘शृ’ हे त्याचे स्वतःचे नाव, शाखेचा शृ नव्हे) यिंगछ्वान परगण्यातला. त्याच्या घरी रात्री चोर शिरून तुळईवर लपला, तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. मुलानातवंडांना उठवून तो म्हणाला, की वाईट माणसे जन्मतः वाईट नसतात, सवयीने तशी होतात, तुळईवरचे हे गृहस्थ तसेच आहेत. चोर खाली उतरून पाया पडला आणि छन शृने त्याला कापडाचे दोन तागे देऊन पाठवले. चिनी भाषेत आजही चोराला ‘तुळईवरचा सज्जन’ म्हणतात.

याच घराण्यातला म्हणवणारा भिक्षू इ.स. ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातली माणसे स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण शत्रूला आधी सावध करून मगच वार करतात, असे त्याने लिहून ठेवले. हर्षाला हा प्रदेश जिंकता आला नाही, हेही त्याने नोंदवले आहे. आपल्याविषयीचा इतका जुना आणि इतका जवळून लिहिलेला मजकूर एका छनने लिहिला, याचे मला आज विशेष वाटते.

कोरीगड

मोहरी, हे मला ठाऊक नव्हते. फार आनंद झाला.

मूळ प्रश्नाकडे येऊन एक सावधगिरी सुचवतो. आज चीनमध्ये ५ कोटींहून अधिक लोक हे आडनाव लावतात. वांग, ली, चांग आणि ल्यू यांच्यानंतर त्याचा क्रमांक पाचवा लागतो. तैवानमध्ये ते पहिले आहे. इतकी सगळी माणसे अधिपती हूच्या रक्ताची असणे शक्य नाही. इ.स. ४९६ मध्ये उत्तर वेइ घराण्याच्या सम्राटाने श्यानबेइ टोळ्यांना चिनी आडनावे घ्यायला लावली, तेव्हा ‘हौ-मो-छन’ हे घराणे छन झाले. त्यांचा पूर्वज स्टेपच्या गवताळ प्रदेशातला होता. तेव्हा आडनाव तीन हजार वर्षांचे आहे हे खरे धरावे, पण ते लावणाऱ्या प्रत्येकाचे रक्त तितके मागे नेऊ नये.

बखरवाचक

पूर्ण सहमत. त्रानबाईंसाठी एक भर : व्हिएतनाममध्ये १२२५ ते १४०० या काळात त्रान घराण्याचे राज्य होते. त्या घराण्याचे पूर्वज फुज्यानहून आले होते आणि याच घराण्याने मंगोलांना परतवले.

नांदरुक (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळे तान अंकलना थोडे थोडे करून सांगितले. शुनविषयीची शंका सांगताना मला संकोच वाटत होता. ते शांतपणे ऐकत राहिले. कुंभाराची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली.

परवा चिंगमिंग होते. हा एप्रिलच्या सुरुवातीचा, पितरांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस. अंकल मला सोबत घेऊन गेले. त्यांच्या आजोबा-आजींचा एकच दगड आहे. गवत उपटून, पाणी ओतून त्यांनी तो हाताने पुसला आणि वरची दोन मोठी अक्षरे मला बोटाने दाखवली : यिंगछ्वान. सिंगापूरला जन्मलेल्या, चीन कधीही न पाहिलेल्या माणसाच्या दगडावर छन शृचा परगणा! मोहरी, तुमचा प्रतिसाद वाचला नसता, तर ती अक्षरे मला कळलीच नसती.

खाली दोन ओळी होत्या. उजवीकडच्या ओळीत आजोबांचे नाव ‘कान-पूर्व’ अक्षराने सुरू होत होते. डावीकडे आजींची ओळ होती आणि तिच्यात ते अक्षर नव्हते. अंकल म्हणाले, “आजी लिम. आमच्याकडे माहेरचे आडनाव बदलत नाहीत.” साठ वर्षांचा संसार आणि तरी दगडावर लिम. मला एकदम शी ग्वेइ आठवली.

फुज्यानमध्ये म्हण आहे, की छन आणि लिन मिळून अर्धे जग. तान आणि लिम ही त्याच दोन आडनावांची इथली रूपे. शांतला, लिनविषयी तुमच्याकडे काही असेल तर मी नवा धागा काढते.

शांतला

जरूर काढा. त्याची सुरुवात शांग राजघराण्यातल्या पी-कानपासून आणि रानात लपलेल्या एका गरोदर बाईपासून करावी लागेल.